यल्लूमायची शिकवणी

"मास्तर, मठ्ठाला कसं शिकवता?"

यल्लूमायनं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. चाळीस सालच्या आगेमागे मी गोरेगावच्या शाळेवर नवाच रुजू झालो होतो आणि दुपारच्या सुट्टीत ओट्यावर बसून भाकरी खात होतो. समोर एक बुटकी म्हातारी उभी. डोक्यावर टोपल्यांची उतरंड, कमरेला कोयता. नव्या मास्तराला कुणी असा प्रश्न विचारला की त्याचं पोट तसंही भरतंच. मी भाकरी बाजूला ठेवली आणि शिकवण्याचं जेवढं शास्त्र मला येत होतं तेवढं सगळं तिला ऐकवलं. थोडं थोडं शिकवावं. नुसतं सांगू नये, वस्तू हातात घेऊन दाखवावी. आलं तर शाबासकी द्यावी, नाही आलं तर चिडू नये.

"मारायचं न्हाई?"

"मुळीच नाही."

"मंग रोज सकाळी शाळंतून बोंबलायचा आवाज येतो, त्यो कोणाचा?"

मी घाईनं विषय बदलला. विद्यार्थी केवढा आहे, असं विचारलं.

"लई जुना हाय," ती म्हणाली आणि उतरंड सावरत चालू लागली.

मला वाटलं, ती आपल्या मुलाबद्दल बोलत असावी. तिचा मारोती चाळिशीला आला होता आणि मठ्ठ म्हणायला हरकत नव्हती. या समजुतीत मी बरेच दिवस काढले.

यल्लूमायचं घर गावाबाहेर ओढ्याच्या काठाला. तुराट्या आणि निरगुडीच्या फोका आणायच्या आणि टोपल्या, डाली, धान्याच्या कणग्या विणायच्या, हा पिढीजात धंदा. मोठी कणगी विणताना ती आत उभी राहून विणायची. त्यामुळे तिच्याशी बोलायला गेलेल्या माणसाला आधी नुसता आवाज ऐकू यायचा, मग कडेवरून डोकं वर यायचं, आणि पहिली शिवी त्या डोक्यातून यायची. "बिनबुडाचं टोपलं" ही तिची ठेवणीतली शिवी. ती तिनं पाटलाला दिली होती, जमादाराला दिली होती, आणि मला तर दर आठवड्याला मिळायची. विणून झालेली टोपली ती अंगणात लांब भिरकावून द्यायची. जी कुरकुरली ती चुलीत जायची. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी तिचा नियम बदलत नसे.

त्यांचे पूर्वज कुठून आले ते कुणालाच माहीत नव्हतं. गावातले लोक म्हणत तेलंगणातून. यल्लूमाय म्हणे "वरून", आणि हात दर वेळी निराळ्या दिशेला करी. एवढं मात्र खरं की त्यांची स्वतःची एक बोली होती. ती मराठी नव्हती, लमाणांची नव्हती, आणि हिंगोलीच्या बाजारातल्या तेलुगू कापडवाल्यालाही तिच्यातलं अवाक्षर कळलं नव्हतं. तिला नावही नव्हतं. यल्लूमाय तिला नुसतं 'आमचं बोलणं' म्हणायची. पूर्वी ओढ्याकाठी चार घरं होती. पटकीच्या साथीत दोन बसली, एक पोटामागं कुठंतरी निघून गेलं ते परतलं नाही. मग तिचा नवरा गेला, दीर गेला. मी आलो तेव्हा ते बोलणं कळणारे गावात दोनच जीव उरले होते. एक यल्लूमाय आणि दुसरं तिचं गाढव.

हा विनोद माझा नाही, तिचाच. गाढव शिंगरू होतं तेव्हापासून ती त्याच्याशी आपल्याच बोलीत बोलली होती, त्यामुळे मारोतीनं मराठीत कितीही घसा फोडला तरी ते जागचं हलत नसे. यल्लूमायनं हळूच दोन शब्द टाकले की कान ताठ करून चालू लागे.

"गाढवाला समदं कळतं पर बोलता येत न्हाई," ती म्हणायची. "आन माझ्या मारोतीला तोंड हाय पर कळत न्हाई. दोघायचं मिळून एक लेकरू असतं तं माझं काम झालं असतं."

मारोतीला बोली न यायला कारण होतं. लहानपणी बाजारात तो आईशी बोलला की पोरं मागं लागून नक्कल करायची. एकदा तो रडत घरी आला आणि म्हणाला, माझ्याशी तसं बोलू नको. तेव्हापासून तिनं त्याच्यापुरतं तोंड बंद केलं. पुढं तो मोठा झाल्यावर तिनं पुन्हा शिकवायला घेतलं, पण त्याच्या डोक्यात शिव्या तेवढ्या राहिल्या. त्यांचा त्यानं चांगला उपयोग केला. जमादार दारात आला की मारोती हात जोडून, कमरेत वाकून, हसतमुखानं त्याला आपल्या बोलीतल्या ठसठशीत शिव्या द्यायचा. जमादार खूश होऊन म्हणायचा, "बहोत अदबवाला आदमी है." यल्लूमाय कणगीच्या आत तोंडात पदर कोंबून बसायची.

तिचं काम काय होतं, ते मला हळूहळू कळलं. त्यांच्यात घरचा देव झाकणाच्या टोपलीत राहतो. मुठीएवढा काळा गोटा. घरात लेकरू जन्मलं, लग्न झालं, माणूस मेलं की देवासमोर बसून त्याची वर्दी द्यायची. कोण गेलं, कोणाचं कोण, कसं वागलं, कोणाशी भांडलं, हे सगळं घरातल्या माणसानं देवाला सांगायचं. तोवर मेलेलं माणूस उंबऱ्यावरच बसून राहतं, देव आत घेत नाही. आणि देवाला त्यांच्या बोलीशिवाय दुसरं काही कळत नाही. नवऱ्याची वर्दी यल्लूमायनं दिली होती, दिराचीही तिनंच दिली. आता तिची कोण देणार? मारोतीच्या शिव्यांवर देव तिला आत घेणार नव्हता. सून गिरजा सेनगावकडची. तीही टोपल्या विणणाऱ्यांचीच, पण तिच्या माहेरी ती बोली कधीच बुडाली होती.

"म्या काय जल्मभर उंबऱ्यावर बसून ऱ्हाऊ?" यल्लूमाय विचारायची. मेल्यानंतरच्या काळालाही ती जन्मभरच म्हणत असे.

दरसाल शिवरात्रीला ती औंढ्याला नागनाथाच्या जत्रेत टोपल्या घेऊन जायची. दूरदूरचे टोपलीवाले तिथं येत. दुकान मांडायच्या आधी ती सगळ्या पालांमधून एक चक्कर मारायची आणि आपल्या बोलीत मोठ्यानं काहीतरी ओरडायची. एका वर्षी मी जत्रेला गेलो होतो, तेव्हा काय ओरडता म्हणून विचारलं. "कोणी हाय का, म्हनून इचारते," ती म्हणाली. त्या वर्षी तिनं हाक मारली तेव्हा टोपलीवाल्यांच्या पालांत सगळ्या माना खालीच राहिल्या. लांबवर बांधलेलं तिचंच गाढव तेवढं वळून ओरडलं. ती हसली. मला हसता आलं नाही.

मी शिकलेला माणूस, म्हणून उपायही शिकलेलाच सुचवला. राज्य निजामाचं, त्यामुळे आमच्या शाळेत हजेरी उर्दूत, हुकूम उर्दूत, कविता उर्दूत. पोरं एक शब्द न कळता पानंच्या पानं घडाघडा म्हणत आणि तपासनीस साहेब मान डोलवत. तशीच मारोतीकडून वर्दी पाठ करून घ्या, मी म्हणालो.

"पाठ करून भागत न्हाई मास्तर. तो इचारतो ना! कोणाची लेक, कोणाशी भांडली, काहून भांडली. निस्ती वर्दी देऊन उठता येत न्हाई, उलटतपासणी ऱ्हाती त्याची. तुमच्या साहेबावानी मान डोलवणारा न्हाई तो."

मग एकदा मी सांगितलेली सुपं आणायला तिच्या घरी गेलो, आणि तिचा तो जुना विद्यार्थी मला दिसला.

टोपलीचं झाकण उघडं होतं. गोटा पाटावर ठेवलेला. समोर यल्लूमाय मांडी घालून बसलेली, पुढ्यात पाण्याचा तांब्या, मीठ, गूळ, विस्तव. तांब्या उचलून ती गोट्याला सावकाश, स्पष्ट सांगत होती, "हे पानी. पानी." मग मीठ. मग विस्तव. माझी पद्धत तिनं अगदी तंतोतंत उचलली होती. मारोती शिकत नाही म्हटल्यावर तिनं देवालाच मराठी शिकवायला घेतलं होतं.

"पोराला बाजार हाय, धंदा हाय," ती मला म्हणाली. "ह्याला दुसरं काम काय हाय? दिवसभर रिकामाच तं बसलेला असतो."

परीक्षेचीही सोय होती. ओल्या गोट्याच्या दोन्ही अंगांना ज्वारीचा एकेक दाणा चिकटवायचा आणि प्रश्न विचारायचा. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. देवाला कौल सगळेच लावतात, पण कौलानं देवाची परीक्षा घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. तिनं दाणे लावले, गुळाचा खडा त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, "हे मीठ हाय का?"

आम्ही वाट पाहिली. उजवा दाणा पडला.

"मठ्ठ!" यल्लूमायनं गूळ स्वतःच्या तोंडात टाकला आणि गोटा भिंतीकडे तोंड करून ठेवला. गोट्याचं तोंड कुठलं हे तिचं तिलाच ठाऊक. मारायचं नाही हे तिनं माझ्याकडूनच ऐकलं होतं, म्हणून एवढ्यावर भागवलं.

मग मी अधूनमधून जाऊ लागलो. खरं सांगायचं तर मला त्या वर्गाची गोडी लागली. वस्तू संपल्या, नाती सुरू झाली. 'सून' म्हणजे काय हे दाखवायला तिनं गिरजाला पिठाच्या हातानिशी ओढून आणून देवासमोर उभं केलं. "ही सून. नीट बघून घे. तोंड मोठं, काम बारीक." गिरजाही काही कमी नव्हती. "आन ही सासू," ती देवाला म्हणाली, "हिला इसरू नको, न्हाई तं मलाच परत घरी घ्यावी लागन." देवाला 'रुसणं' शिकवायला दोघींना वेगळं काही करावं लागलं नाही. नुसतं समोर बसून घर चालवलं तरी पुरलं.

ही बातमी गावात पसरल्यावर जोशीबुवांच्या कानावर गेली. जोशीबुवा गावचे भिक्षुक. सूप घ्यायच्या निमित्तानं ते ओढ्यावर आले आणि कणगीला उद्देशून म्हणाले, "अगं येडे, देव सर्वज्ञ असतो. त्याला कुणी भाषा शिकवतं का?"

कणगीतून डोकं वर आलं. "तुमचा असन सर्वज्ञ. आमचा गरिबाचा हाय, शिकलेला न्हाई. आन तुमच्याला तरी मराठी कुठं येतं? आलं असतं तं तुमी त्याच्याशी संस्कृतात काहून बोलला असता?"

जोशीबुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओढ्याकडे पाहिलं.

"निजामाच्या कचेरीत मराठीत कागुद दिला तं घेत न्हाईत," ती पुढं म्हणाली. "तुमच्या देवाला संस्कृत लागतं, सरकारला उर्दू लागती. मंग माझ्याच देवाला हसता काहून?"

बुवा सूप न घेताच परतले. दुसऱ्या दिवशी पोराला पाठवून सूप मात्र मागवलं, कारण तालुक्यात तसं सूप दुसरीकडे मिळत नव्हतं.

वर्षं गेली. देव हळूहळू शिकत होता. निदान चुकीचे दाणे कमी पडत होते. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आमच्या भागात धामधूम माजली. आज हे गाव लुटलं, उद्या ते जाळलं, अशा बातम्या येऊ लागल्या, शाळा बंद पडली आणि अर्धं गोरेगाव निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडात रिसोडकडे गेलं. यल्लूमायनं देवाची टोपली गाढवावर बांधली आणि तीही निघाली. एका सावकाराच्या रिकाम्या गोठ्यात आम्ही सगळे बिऱ्हाड मांडून राहिलो. माणसं घरादाराच्या काळजीत होती. यल्लूमायला काळजी देवाची.

"इथले लोक मले-तुले म्हनतात," ती मला कुरकुरत म्हणाली. "माझ्या देवाला आत्ताशी कुठं मला-तुला आलं होतं. डोस्कं फिरवतीन त्याचं." आजूबाजूला कुणी वऱ्हाडी बाई बोलू लागली की ती टोपलीचं झाकण लावून घ्यायची.

तिथंच गाढव मेलं. म्हातारंच झालं होतं. यल्लूमाय त्याच्याजवळ बसून उघडपणे रडली, पदरसुद्धा डोळ्यांना लावला नाही. तिचं बोलणं कळणारा तो शेवटचा जीव होता. गोठ्यातलं कुणीही हसलं नाही. मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "गिरजे, ह्याची वर्दी दे. मराठीत."

गाढवाची वर्दी द्यायची रीत त्यांच्यात नव्हती. पण तिला देवाची शेवटची परीक्षा घ्यायची होती, आणि त्यासाठी घरातलंच कुणीतरी मेलेलं असायला हवं होतं. गोट्यावर दाणे लागले. गिरजा पुढं बसली आणि एका दमात म्हणाली, "ऐक रे देवा. आमचं गाढव मेलं. रंगानं भुरकं, डाव्या कानाला कातर. आत्याबाईवर माया, बाकीच्यायला लाथा. सेनगावच्या बाजारात एका बाईचे कांदे खाल्ले. कामाला कधी न्हाई म्हनलं न्हाई. आता त्याला आत घे, आन लाथंच्या टप्प्यात उभा ऱ्हाऊ नको."

यल्लूमायनं विचारलं, "कोण मेलं? मारोती मेला का?" डावा दाणा पडला. मारोतीनं सुटकेचा निःश्वास सोडला. तिनं पुन्हा दाणे लावले. "गाढव मेलं का?" उजवा पडला. सगळ्या गोठ्यात एकच गलका झाला, कुणीतरी गूळ वाटला, आणि महिन्याभरात पहिल्यांदा माणसं हसली. देव मराठी पास झाला होता.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, आम्ही परत गोरेगावला आलो. शाळा उघडली ती मराठीतच. माझी बदली दुसऱ्या गावाला झाली. निघायच्या आधी मी यल्लूमायचा निरोप घ्यायला ओढ्यावर गेलो. ती खूप खंगली होती. देवाकडे पाठ करून बसली होती.

"काय झालं?"

"म्या बोलत न्हाई त्याच्याशी."

गिरजानं सांगितलं. गाढव गेल्यापासून सराव तुटू नये म्हणून आत्याबाई देवाशी मराठीतच बोलत होती. काल कित्येक दिवसांनी तिला आपल्या बोलीत बोलावंसं वाटलं. तिनं दाणे लावून विचारलं, आतले समदे बरे हायत का? दाणा हलला नाही. पुन्हा विचारलं, हलला नाही. मग तेच मराठीत विचारलं, तर उजवा दाणा टपकन पडला.

"इसरला," यल्लूमाय म्हणाली. "मारोती इसरला तसाच. नवं आलं की जुनं टाकलं. बिनबुडाचं टोपलं!"

मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "पण यल्लूमाय, तुमच्या वर्दीची काळजी तर मिटली. गिरजा सांगेल ते त्याला कळेल."

"माझी वर्दी पोचन हो. पर आत बसलेल्यांचं काय?" ती माझ्याकडे वळली. "माझा नवरा, माझी सासू, दीर, पटकीत गेलेले समदे. तेन्ला मराठीतलं म न्हाई येत. माझा माणूस पानी मागून राहिला असन आन ह्यो निस्ता बघत बसला असन. म्याच करून ठेवलं हे."

मग तिनंच मार्ग काढला.

"आता मलाच जाऊन मधी बसावं लागन. हिकडचं तिकडं, तिकडचं हिकडं सांगाया. दोनी बोलणं येणारं दुसरं हाय कोण?"

मी धीर द्यायला म्हणालो, "एवढी घाई कशाला? अजून दहा वर्षं तुम्हाला काही होत नाही."

यल्लूमाय माझ्यावर कडाडली. "असं वंगाळ बोलू नका मास्तर! तिथं समदे खोळंबले असतीन."

मग तिनं गिरजाला हाक मारली आणि वर्दी म्हणून दाखव म्हणाली. गिरजा बिचकली. जित्या माणसाची वर्दी देत नाहीत.

"त्याला ऐकू देऊ नको. झाकण लाव टोपलीचं."

गिरजानं झाकण लावलं, हात पुसले आणि समोर बसली. "ऐक रे देवा. आमची यल्लू मेली. टोपल्या विणायची. तोंडानं फाटकी—"

"खमकी म्हन."

"तोंडानं खमकी. सुनंला लई तरास दिला."

"ते ऱ्हाऊ दे. खरं हाय."

मी उठलो. अंगणाच्या कडेला पोचून वळून पाहिलं, तर गिरजा हातवारे करत पुढं सांगत होती आणि यल्लूमाय डोळे मिटून ऐकत होती. तिचे ओठही हलत होते, पण ते शब्द मराठी नव्हते.